'जगातला सर्वात उंच', पण कशात?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत नव्या रोलर कोस्टरवरचा लेख वाचला, फोटो मस्त, पण मजकूर जवळपास सगळा पार्कच्या जाहिरातीतूनच उचलल्यासारखा वाटला. 'जगातला सर्वात उंच, सर्वात वेगवान' असं लिहिलं की एकदा तरी विचारायला हवं, कशात? २०१९ साली कॅनडातल्या 'कॅनडाज वंडरलँड' पार्कने 'युकॉन स्ट्रायकर' ही राइड आणली तेव्हा जगातला सर्वात उंच, लांब आणि वेगवान 'डाइव्ह कोस्टर' (म्हणजे जवळजवळ सरळ खाली झेपावणारा कोस्टर) अशी जोरदार जाहिरात केली, उंची ६८ मीटर, आणि त्याच वेळी न्यू जर्सीत १३९ मीटरची 'किंगडा का' ही दुसऱ्या प्रकारची रोलर कोस्टर आरामात चालू होती! म्हणजे खोटं काही नाही, फक्त 'डाइव्ह' हा शब्द काढला की दावा कोसळतो. आपल्याकडे सोसायटीतल्या 'मानाच्या पहिल्या' गणपतीसारखंच हे.

आणि उंचीवर मजा ठरते असंही नाही. पेनसिल्व्हेनियातल्या नोबेल्स पार्कमधली 'फिनिक्स' ही लाकडी राइड मूळची १९४७ची, टेक्सासमधून सुटी करून आणून १९८५ मध्ये परत उभी केलेली, उंची जेमतेम २४ मीटर, तरी कोस्टरवेडे लोक अजून तिच्यासाठी लांबून येतात. उलट अमेरिकेतल्याच सीडर पॉइंट पार्कची उंच राइड 'टॉप थ्रिल २' २०२४च्या मे महिन्यात गाजावाजा करून उघडली आणि थोड्याच दिवसात बंद पडली ती अख्खा सीझन बंदच. तिकीट काढून लांबून येणाऱ्याला राइड चालू आहे का, मुलांसाठी उंचीची अट काय, हे आधी कळायला हवं ना? पुढच्या वेळी लेखात एवढं तरी छापा.

– एक वाचक, ठाणे