बाबांचा स्वेटर समोरून कापलाय, आई रागावू नकोस

प्रिय आई-बाबा,

आधी सांगायचं ते सांगून टाकते, म्हणजे फोनवर उगाच आडून आडून बोलायला नको. बाबांचा तो तपकिरी स्वेटर, आईने विणलेला, मी समोरून मधोमध कापून घेतलाय. आई, पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढचं वाच आधी. फाडला नाहीये, खराब तर अजिबात केलेला नाही, आता तो पुढून बटणं लावायचा झालाय एवढंच.

तुम्हाला न विचारता केलं हे खरं, पण विचारलं असतं तर तू "राहू दे, नवीन आण" म्हणाली असतीस आणि बाबा "मला थंडीच वाजत नाही" म्हणाले असते, आणि अजून एक हिवाळा तसाच गेला असता. मागच्या वेळी आले होते तेव्हा मी दारातून बघत होते. बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही, मग आधी डावी बाही, मग मान, मग उजवा हात आत घुसवताना ते ओठ घट्ट मिटून घेतात, आणि आई तू मागून खाली ओढत होतीस, पायाखाली ती गुंडाळी होणारी सतरंजी. दोघंही पडला असतात. आणि बाबा, थंडी वाजत नाही म्हणता ना, ते काही तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण नाही. वय वाढलं की गारठा पूर्वीइतका जाणवत नाही, अंग मात्र गार पडत असतं. म्हणूनच मला काळजी वाटते.

कापला कसा तेही सांगते, म्हणजे आईच्या जिवाला घोर लागणार नाही. मधल्या टाक्यांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना मशीनवर बारीक टिपा मारल्या, दुहेरी, आणि मगच कात्री लावली. खरी लोकर आहे म्हणून धागे एकमेकांना धरून राहतात, ॲक्रिलिक असती तर मी हिंमतच केली नसती. नॉर्वेत आणि शेटलंड बेटांवर तर स्वेटर मुद्दाम गोल नळीसारखा विणतात आणि मग असाच समोरून कापतात, ती तिथली जुनी रीतच आहे. काठाला दोन सुलट दोन उलट अशी पट्टी विणून जोडलीये, तुझ्या खालच्या काठासारखीच. चेन मुद्दाम लावली नाही, खालची टोकं जुळवायला वाकावं लागतं. बटणं मोठी घेतलीत, सकाळी बोटं आखडलेली असली तरी लागतील.

स्वेटर शोधायला म्हणून पेटी उघडली आणि सगळंच बाहेर आलं. "देऊन टाक सगळं" म्हणाली होतीस, मी नाही दिलं. देणारही नाही. त्यातलं अर्धंअधिक परत फॅशनमध्ये आलंय, हे नुसतं कारण सांगत नाहीये, यंदाच्या हिवाळ्यातही कॉर्डरॉय, घोळदार पँट, आजोबा घालतात तसले सैल पुढून उघडे स्वेटर सगळीकडे दिसतायत. दर मोसमात असं काही ना काही वर येतंच. मोठे डिझायनर हिवाळ्याचे कपडे फेब्रुवारी-मार्चमध्येच दाखवून टाकतात, दुकानात यायला पानगळ उजाडते, आणि त्यात निम्मं तरी तुमच्या पेटीतलं असतं.

बाबा, तुमची बेलबॉटम तुमच्या नातीने लगेच पळवली. टेरीकॉट म्हणून कसर लागली नाही, इस्त्रीची रेघ अजून तशीच आहे. पण मी ती आतून उलटी करून कितीतरी वेळ बघत बसले होते. मागची दुमड टाचेखाली घासून पार विरलीये, दोन्ही पायांची, म्हणजे तुम्ही ती नुसती समारंभाला नाही, रोज चालून चालून वापरलीये. कमरेला आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड, भरपूर, आणि जुन्या टिपेची भोकं दिसतात, एकदा सैल केलेली, त्यावर आईची हातशिलाई. ही आकृती मूळची खलाशांच्या गणवेशातली, एकोणिसाव्या शतकापासूनची, तुमच्या आधीही तिचं एक आयुष्य होऊन गेलं होतं. नंतर १९९०च्या दशकात बूटकट म्हणून आली, आता परत. दुकानातली नवीन मी हातात घेऊन बघितली. ताणलं जाणारं पातळ कापड, आत माया नावाला नाही, ओव्हरलॉक करून सगळं कापून टाकलेलं. ती सैल करून कोण वापरणार? मला तरी ते परत आलेलं वाटत नाही, तुमची खरी.

आणि आई, तुझी फुग्याच्या बाह्यांची मॅक्सी. फोटोत स्वतःला बघून तू नेहमी "काय ध्यान दिसायचे मी" म्हणतेस ना, ते मला कधीच पटलं नाही. जेम्स लेव्हर म्हणून कपड्यांचा इतिहासकार होता, त्याने १९३७ मध्ये कोष्टकच मांडलं होतं: फॅशन जाऊन १ वर्ष झालं की ती गबाळी दिसते, १० वर्षांनी भयंकर, २० वर्षांनी हास्यास्पद, ३० वर्षांनी गमतीची, ५० वर्षांनी जुनी पण गोड, १०० वर्षांनी रोमँटिक आणि १५० वर्षांनी सुंदर. आता सगळं एवढं लांबत नाही, वीस वर्षांपूर्वीच्या लो-वेस्ट जीन्स हास्यास्पद व्हायच्या सोडून परत दुकानात आल्या. पण एक बरोबर सांगितलंय त्याने, आपण स्वतःच्या कपड्यांना हसतो ते फार जवळून बघतो म्हणून. मी तुझ्याकडे लांबून बघतेय. त्या फोटोत तू माझ्यापेक्षा लहान आहेस आई, घेर हाताने जरा उचलून धरलायस आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघतेयस.

तो घेर एवढा का, हे मला आत्ता कळतंय. ब्रिटनमध्ये युद्धामुळे १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशन होतं, आणि त्याच काळात, १९४७ च्या फेब्रुवारीत, पॅरिसमध्ये डिओर नावाच्या डिझायनरने बारीक कंबर आणि मीटरच्या मीटर कापडाचे घोळदार स्कर्ट आणले. काही लोक चिडले, पण बायकांना हवे होते. तोही मागेच बघत होता, आजीपणजीच्या काळातल्या घेराकडे. तूही काटकसरीची इतकी वर्षं काढून पहिल्या पगाराचं कापड घेतलंस, मग ते आखडतं कशाला घेशील! मॅक्सीला मी हात लावलेला नाही, लावणारही नाही. फक्त वारा दाखवून पातळ सुती कापडात गुंडाळून ठेवलीये.

ही लोकर कशी आली तेही आठवतं मला. माझ्या दोन्ही हातांवर लडी अडकवून तू गुंडा करायचीस, माझे हात खाली यायला लागले की "वर, वर" म्हणायचीस, आणि बाबा पेपर वाचत असताना हळूच पाठीला लावून माप घ्यायचीस. ते माप आता सैल होतंय त्यांना. होऊ दे, आत एक पातळ बनियन बसेल, एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे, मधल्या हवेने ऊब राहते.

आता नीट ऐका दोघं. स्वेटर हँगरला लटकवायचा नाही, खांदे ओघळतात, घडी घालून ठेवायचा. झोपायच्या खोलीतल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आजच काढून टाका, तो वास छातीत जातो. आणि कसर तशीही घाम, डाग लागलेल्या लोकरीवर जास्त येते, त्यामुळे ठेवण्याआधी धुवून खडखडीत वाळवलं की झालं. कुठे आळी दिसलीच तर पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. ती सतरंजी उचला. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून फिरू नका, आई हे तुला सांगतेय. बाबा, खांद्याचे व्यायाम सोडलेत हे मला कळलंय, कोणी सांगितलं ते विचारू नका, उद्यापासून सुरू करा. स्वेटर पुढून उघडा केला म्हणजे हात हलवायचा नाही असं नाही.

पार्सल आईने उघडायचं. वरचं एक बटण मी लावलेलं नाही, तपकिरी आणि काळं अशी दोन्ही पाठवलीत, तुला आवडेल ते लाव. आणि पट्टी पसंत नसेल तर उसव आणि तुझ्या पद्धतीने विण, लोकर जास्तीची घातलीये, मला जरासुद्धा वाईट वाटणार नाही. फक्त दुपारी खिडकीपाशी उजेडात बस, रात्री नाही. सुईत दोरा ओवायला त्रास होतो तुला, म्हणून तीन-चार सुया ओवूनच ठेवल्यात डबीत.

तुमची,
मनू