बंद पडलेल्या संकेतस्थळांची खोटी साक्ष

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

छोट्या व्यावसायिकांनी इंटरनेटवरील शोधनिकालांत वर कसे यावे, या विषयावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. त्यात ‘पीबीएन’चा, म्हणजे ग्राहकाच्या साइटला लिंक देण्यासाठीच एका हातातून चालवलेल्या खासगी ब्लॉगांच्या जाळ्याचा, उल्लेख ‘काहीशी जोखमीची, पण लवकर फळ देणारी पद्धत’ असा एका वाक्यात करून लेखक पुढे गेले आहेत. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे, कारण सहा वर्षे मी हेच काम पोटासाठी केले आहे आणि जोखीम कोणाच्या वाट्याला येते व फळ कोणाच्या, हे मला जवळून ठाऊक आहे.

शोधयंत्राच्या लेखी लिंक ही एक साक्ष असते. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी मांडलेल्या ‘पेजरँक’चा गाभा हाच होता. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर अभ्यासकांनी किती केला यावरून जसे त्याचे वजन ठरते, तसे एखाद्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवतात, आणि बोट दाखवणाऱ्या त्या पानांना स्वतःला किती मान आहे, यावरून त्या पानाचे वजन ठरवायचे. आज क्रमवारी ठरवताना इतर असंख्य गोष्टी पाहिल्या जातात, तरी ही साक्ष अजूनही विचारात घेतली जाते. साक्षीला किंमत आली की साक्षीदार विकत मिळू लागतात, हे ओघानेच आले. मात्र काल उभ्या केलेल्या संकेतस्थळाच्या शब्दाला वजन नसते. त्यासाठी पत लागते आणि पत जमायला वर्षे जातात. म्हणून या धंद्याने जवळची वाट शोधली. ज्याने आयुष्यभर पत कमावली पण जो आता हयात नाही, त्याचे नावच विकत घ्यायचे.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, कोणाच्याही कायमच्या मालकीचे नसते. त्याचे शुल्क वेळोवेळी भरावे लागते. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गसारख्या नावाची मुदत संपली की नोंदणी कंपनी साधारणपणे ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते, त्यानंतर ३० दिवस जादा शुल्क भरून नाव सोडवून घेता येते, शेवटचे ५ दिवस ते काढून टाकण्याच्या रांगेत असते आणि मग ते कोणालाही घेता येते. पुष्कळदा इतकेही थांबावे लागत नाही, कारण नोंदणी कंपनी मधल्या काळातच ते लिलावात काढते. सकाळी कामावर बसल्यावर माझे पहिले काम ती लिलावाची यादी चाळण्याचे असे. ज्या नावाकडे एखाद्या विद्यापीठाच्या, रुग्णालयाच्या किंवा वृत्तपत्राच्या पानावरून लिंक आहे, ते नाव आम्ही वेगळे काढत असू. त्यानंतर ‘वेबॅक मशीन’ या संग्रहात त्याची जुनी पाने उघडून तिथे पूर्वी काय होते हे पाहायचे. कुठे संस्थापक वारले होते, कुठे निधी आटला होता, तर कुठे नूतनीकरणाची आठवण करून देणारे ईमेल कोणीच न पाहणाऱ्या खात्यात पडून राहिले होते. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी म्हणतात, ते हेच.

अशा नेटवर्कचे ‘व्यवस्थापन’ म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे, कारण या शब्दामुळे ते काम फार सभ्य वाटते. आमच्याकडे ऐंशीच्या आसपास संकेतस्थळे होती आणि ती एकाच हातातून चालतात हे कोणालाही कळू नये, यासाठी एक भली मोठी एक्सेल शीट होती. कोणते नाव कोणत्या नोंदणी कंपनीकडे, कोणते कोणत्या होस्टिंगवर, कोणाचा आयपी पत्ता काय, कोणत्या साइटला कोणती थीम, कोणत्या काल्पनिक लेखकाचे नाव आणि कोणता फोटो, कोणत्या लेखातून कोणत्या ग्राहकाला, कोणत्या शब्दांवर आणि कोणत्या तारखेला लिंक दिली, हे सारे त्यात भरलेले असे. बॅकलिंक, म्हणजे एखाद्या साइटला बाहेरून मिळालेल्या लिंक, तपासणाऱ्या एचरेफ्स, मॅजेस्टिक यांसारख्या सेवांच्या रोबोंना (पाने आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रॅमना) आम्ही दारातच अडवत असू, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आमच्या लिंक दिसू नयेत. साइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचा एकच कोड चुकून दोन साइटवर राहिला तरी त्यांची नाळ उघडी पडते, म्हणून तो कोड लावायचाच नाही, असा दंडक होता. माझ्या कामाचे तास मोजले तर लिहिण्यापेक्षा लपवण्यात गेलेले तास कितीतरी अधिक भरतील. प्रामाणिक पद्धतीला इतके लपावे लागत नाही, एवढे जरी पुरवणीतील लेखात आले असते तरी वाचक सावध झाला असता.

एक प्रसंग सांगते. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या पालकांनी चालवलेला एक गट होता. त्यांचे संकेतस्थळ साधेच होते. महिन्याच्या बैठकांची माहिती, श्रवणयंत्राच्या बॅटरीची काळजी कशी घ्यावी यावरच्या सूचना आणि पालकांचे अनुभव, एवढेच त्यात होते. मुदत संपली, नाव लिलावात आले आणि आम्ही ते घेतले. मी संग्रहातून जुनी पाने जशीच्या तशी उतरवून पुन्हा उभी केली. ते मजकूर लिहिणाऱ्यांची परवानगी घेण्याचा प्रश्नही कोणाच्या मनात आला नाही, आणि हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन आहे हे आम्हाला कळत नव्हते असेही नाही. मग त्या अनुभवांच्या मधोमध पाचशे शब्दांचा एक लेख घालून त्यातून एका कर्ज देणाऱ्या ॲपला लिंक दिली. जुन्या पानांबरोबर संपर्काचा फॉर्मही जिवंत झाला होता, हे माझ्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यातून एक निरोप आला. ‘आमच्या मुलीला मागच्या महिन्यात यंत्र बसवले, ती ते सारखे काढून टाकते, तुमच्या पुढच्या बैठकीला आम्ही आलो तर चालेल का?’ उत्तर दिले असते तर आमचा पत्ता उघड होण्याची भीती होती. वरिष्ठांनी फॉर्म काढून टाकायला सांगितला आणि मी तो काढला. निरोपाला उत्तर गेले नाही. ते काम मी आणखी वर्षभर केले, हेही इथे लिहिले पाहिजे.

या व्यवहारात फसवणूक शोधयंत्राची होते, असे समजले जाते. माझ्या मते ती सर्वांत आधी त्या माणसांची होते, ज्यांनी कधीकाळी विश्वासाने त्या गटाकडे बोट दाखवले होते. एखाद्या डॉक्टरने आपल्या पानावर ‘पालकांनी यांच्याशी बोलावे’ म्हणून लिंक दिली, ती त्या पालकांच्या कामाला दिलेली पावती होती. ती पावती आम्ही कर्जाच्या ॲपला विकली, आणि डॉक्टरांच्या पानावर ती अजूनही त्यांच्याच नावाने उभी आहे.

आता ग्राहकाविषयी, कारण आपला लेख त्यांच्यासाठी होता. ज्याची साइट वर आणायची ती ‘मनी साइट’, असे धंद्यातले नाव आहे. जाळ्यातील बाकीच्या साइट जळाल्या तर जळू द्यायच्या. प्रत्यक्षात अनेकदा जळते ती ग्राहकाचीच साइट. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रकरण उघड केले. विषयाशी सुतराम संबंध नसलेल्या हजारो पानांवरून तिला लिंक दिल्या गेल्या होत्या. गूगलने कारवाई केल्यावर प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेली ही कंपनी दोन तासांत ७१व्या क्रमांकावर गेली. या लिंकची आपल्याला कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि सल्लागारांशी असलेला करार संपवला. एवढ्या मोठ्या कंपनीला तसे म्हणावे लागले, तर पाच माणसांच्या दुकानाने लिंक विकणाऱ्या एजन्सीच्या अहवालावरून काय ओळखावे? खोट्या लिंकना आळा घालण्यासाठी गूगलने आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत २४ एप्रिल २०१२ रोजी केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाचा परिणाम इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर होईल, असे गूगलनेच सांगितले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये तर थेट खासगी ब्लॉगांच्या जाळ्यांवरच कारवाई होऊन कित्येक साइट एका रात्रीत शोधनिकालांतून नाहीशा झाल्या.

पण ‘जोखीम’ म्हणजे अशी गाजणारी शिक्षाच, हा समज आता जुना झाला आहे. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य प्रणालीचाच भाग झाला आणि त्याची रीत बदलली. खोट्या लिंकबद्दल संपूर्ण साइटला खाली ढकलण्यापेक्षा त्या लिंकचे वजन शून्य धरण्यावर त्याचा भर आला. याचा अर्थ काय होतो, ते पाहा. ग्राहक दरमहा पैसे भरत राहतो, एजन्सी दरमहा नव्या लिंकची यादी आणि ‘डोमेन रेटिंग’चा चढता आकडा दाखवत राहते, आणि शोधयंत्र त्या लिंक मोजतच नाही. ‘डोमेन रेटिंग’, ‘डोमेन अथॉरिटी’ हे आकडे खासगी कंपन्यांनी आपापल्या हिशेबाने काढलेले असतात. गूगल आपल्या क्रमवारीसाठी ते वापरत नाही. एखाद्या महिन्यात साइट इतर कारणाने वर गेली तर श्रेय जाळ्याला जाते आणि खाली आली तर ‘आणखी लिंक लागतील’ असे सांगितले जाते. ही वाक्ये मी स्वतः ईमेलमध्ये लिहिली आहेत. शिवाय पुष्कळ एजन्सींत या लिंक भाड्याच्या असतात, म्हणजे पैसे थांबले की लिंक काढली जाते. ज्याला आपण आपल्या दुकानाची पत समजत होतो, ती दुसऱ्याच्या एक्सेल शीटमधली एक ओळ होती, हे ग्राहकाला त्या दिवशी कळते.

याच्या समर्थनार्थ नेहमी दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की सगळेच असे करतात. ती खरी नाही. दुसरीत मात्र तथ्य आहे. शोधनिकालांवर एका कंपनीचे वर्चस्व आहे, तिचे नियम तीच ठरवते, आणि पहिल्या पडद्यावर जाहिराती इतकी जागा घेतात की प्रामाणिक छोट्या व्यावसायिकाला वर यायला वाव फार थोडा उरतो. हे गाऱ्हाणे मलाही पटते. त्या कंपनीची बाजू घेण्यासाठी मी हे लिहीत नाही, आणि तिचा नियम म्हणून तो पवित्र, असेही माझे म्हणणे नाही. पण जाळ्याने त्या कंपनीचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते माहिती शोधणाऱ्याचे, आणि त्याच ओळीत खाली ढकलल्या गेलेल्या दुसऱ्या छोट्या व्यावसायिकाचे.

मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅमविषयक धोरणात मुदत संपलेल्या डोमेनच्या गैरवापराला स्वतंत्र नाव दिले. प्राथमिक शाळेच्या जुन्या पत्त्यावर कॅसिनोचा मजकूर आणि वैद्यकीय मदत करणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या जुन्या पत्त्यावर औषधी वस्तूंची विक्री, अशी उदाहरणे त्यात आहेत. ती वाचताना मला आमची शीट आठवली. त्याच धोरणात घाऊक मजकूरनिर्मितीचाही समावेश आहे आणि तो योग्यच आहे, कारण जे पान लिहायला मला अर्धा दिवस लागे, ते आता यंत्राकडून मिनिटभरात लिहून घेता येते. जाळे उभारण्याचा खर्च घटला की जाळी वाढतील. धोरणावर विसंबून राहण्यात म्हणूनच अर्थ नाही.

व्यावसायिकांना एवढेच सांगावेसे वाटते की एजन्सीकडे प्रत्येक लिंकचा पूर्ण पत्ता लेखी मागा. ‘आमचे नेटवर्क गोपनीय आहे’ असे उत्तर आले की बोलणे तिथेच थांबवा. मिळालेला पत्ता वेबॅक मशीनमध्ये घालून पाच वर्षांपूर्वी तिथे काय होते ते स्वतः पाहा. दहा मिनिटे पुरतात. संस्था चालवणाऱ्यांनी काम थांबवताना डोमेनचे काय करायचे हेही ठरवावे. शक्य असेल तर दोन-चार वर्षांचे शुल्क आगाऊ भरून त्या पत्त्यावर ‘आमचे काम थांबले आहे’ एवढी एक ओळ ठेवावी, म्हणजे ज्यांनी लिंक दिल्या आहेत त्यांना त्या काढायला वेळ मिळतो.

आणि एक विनंती आपल्याला आहे. त्या पालकांच्या गटाच्या नावाला लिलावात भाव आला, तो एका दैनिकाने पूर्वी त्यांच्यावर लिहिलेल्या लेखामुळे. लेखाच्या शेवटी ‘अधिक माहितीसाठी’ म्हणून त्यांचा पत्ता होता आणि ती एक लिंक आमच्या यादीत सर्वांत वरच्या वजनाची होती. नोकरी सोडल्यावर मी त्या दैनिकाला लेखाचा दिनांक, ओळ आणि हल्ली त्या पत्त्यावर काय दिसते, हे सर्व कळवले, दोनदा कळवले. गेल्या आठवड्यात मी तो लेख पुन्हा उघडला, तेव्हा लिंक तिथेच होती. आपल्या संग्रहातील जुन्या लेखांच्या तळाशी असलेले असे पत्ते आज कुठे जातात, हे आपल्या तांत्रिक विभागाने एकदा तपासावे. यादी तयार करायला मदत लागल्यास मी ती विनामूल्य करून देईन. माझा संपर्क कार्यालयाकडे दिला आहे.

आपली नम्र,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)