आवर्तसारणीतल्या रिकाम्या जागा

महोदय,

आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा गुणधर्मांनुसार मांडलेला तक्ता, मुलांकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली जाते, याचे फार वाईट वाटते. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्ये मांडताना काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडल्या आणि तिथे येणाऱ्या, तोवर कुणीही न पाहिलेल्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच सांगून ठेवले. १८७५ मध्ये गॅलियम सापडले. शोधकर्त्याने त्याची घनता दर घन सेंटिमीटरला ४.७ ग्रॅम मोजली, मेंडेलीव्हने कळवले, ती ५.९ च्या आसपास असायला हवी. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजला, तर खरोखरच ५.९ आली! हे वर्गात सांगायला पाच मिनिटे पुरतात.

मूलद्रव्ये एकमेकांशी जोडणाऱ्या रासायनिक बंधांचेही तसेच. सोडियम पाण्याला लागताच भडकतो, क्लोरीन तर विषारी वायू. एकाने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला, की तयार होते आपले जेवणातले मीठ. संयुगाची व्याख्या पाठ करण्याआधी मुलांना याचे नवल तरी वाटू द्या.

पहिली वीस मूलद्रव्ये तोंडपाठ असावीत, याला माझा विरोध नाही. पण ‘सोडियमच्या खाली पोटॅशियमच का?’ असा एखादा प्रश्न परीक्षेत यावा, ही कळकळीची विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका