टाकीतला पंप आणि जळालेला कपलर

सडबरी, ऑन्टारिओ, कॅनडा
नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा नवा पंप घातला की माझी गाडी काही महिने नीट चालते आणि मग पुन्हा भर रस्त्यात बंद पडते, तर दर वेळी पंपच खराब निघतो हे कसे पटावे? तेवढ्यात फोन तुटला. प्रश्न वर्मावरचा होता आणि त्याचे उत्तर आता हाती आले आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

आगारात तुमच्या हाताखालून गेलेल्या डिझेल गाड्यांचा फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा पंप, इंजिनाच्या अंगालाच असायचा. लाईनमध्ये हवा धरली तर हाताने पंप मारून ती काढता यायची आणि बिघाड डोळ्यांना दिसायचा. माझी पिकअप गेल्या शतकाच्या अखेरीची पेट्रोल गाडी आहे. तिचा पंप विजेवर चालतो आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. इंजिनाकडे जाणारे पेट्रोल त्या मोटरच्या अंगातूनच वाहते, तेच तिला थंड ठेवते आणि वंगणाचे कामही करते. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बन ब्रशच्या ठिणगीने टाकी पेटत कशी नाही, असे तुम्ही विचाराल. जळायला हवा लागते आणि मोटरच्या पोटात पेट्रोलच भरलेले असल्याने तिथे हवाच नसते. कार्ब्युरेटरच्या गाडीला चार ते सहा पीएसआय दाब पुरत असे, या इंजिनाला मात्र ६० च्या आसपास लागतो. त्यामुळे पंप थोडासा जरी ढिला पडला तरी सेल्फ मारत बसावे लागते.

लक्षणे दर वेळी तीच असत. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होई, तासभर चालून इंजिन तापले की चढावर मिसिंग करू लागे, मग बंद पडे आणि थंड झाल्यावर पुन्हा चाले. टाकीच्या बुडावर रबरी हातोडीने ठोकले की झिजलेले ब्रश क्षणभर टेकत आणि घरापर्यंत पोहोचण्यापुरती सोय होई. इथल्या गॅरेजमध्ये मजुरी तासाला शंभर डॉलरांच्या वर आहे, त्यामुळे कारागीर शोधाशोधीत वेळ घालवत नाहीत; दाब कमी दिसला की पंप बदलतात, आणि गाडी सुरू झाली की तपास संपतो. त्यांना दोष द्यावा तरी किती? दाब खरोखरच कमी होता आणि पंप खरोखरच मेलेला होता. तो कशाने मेला हे शोधण्याचे पैसे कोणी देत नाही.

या वेळी मी ते काम स्वतः अंगावर घेतले. गॅरेजवाल्यांनी कपलर, म्हणजे पंपाच्या तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड, काढून मीटर लावले होते आणि पूर्ण बारा व्होल्ट मिळतात म्हणून वायरिंगला निर्दोष ठरवले होते. बाबा, खरी मेख इथेच आहे. कपलर सुटा असताना तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तारेचा एकच धागा शाबूत उरला असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवते. पंप जोडलेला ठेवून, इंजिन चालू करून, कपलरच्या मागच्या बाजूने तारेलगत मीटरची पिन घालून मोजले, तेव्हा बॅटरीवर चौदा आणि पंपावर जेमतेम अकरा व्होल्ट भरले. मग मीटरचे एक टोक पंपाच्या काळ्या, म्हणजे अर्थच्या, तारेला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. तिथे एक-दोन दशांशांपेक्षा जास्त फरक दिसू नये, पण दीड व्होल्ट दिसला. म्हणजे निम्मा तोटा अर्थिंगमध्येच होता.

कारण इथल्या हिवाळ्यात आहे. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पाणी चासीच्या सांध्यासांध्यांत शिरते. पंपाची अर्थ जिथे चासीला बोल्टने आवळली आहे, तिथे वरून रंग धड होता, पण वॉशरखाली गंजाचा थर बसला होता. उरलेला तोटा टाकीवरच्या कपलरमध्ये निघाला. एका पिनभोवतीचे प्लास्टिक वितळून तपकिरी पडले होते. पंप बदलताना जुना कपलरच नव्या पंपाला जोडला जात होता, हे उघड आहे. व्होल्टेज कमी पडले की मोटर मंद फिरते, पण दाब राखायला लागणारा जोर तेवढाच राहतो. पेट्रोल कमी वाहते, मोटरला गारवा कमी मिळतो आणि ती आतून भाजत जाते. भरीस भर म्हणून टाकीत पेट्रोल ओतायची लोखंडी नळीही मिठाने आतून गंजली होती आणि तिचा भुगा पंपाखालच्या जाळीत अडकून पंपाची दमछाक करत होता.

टाकी खाली उतरवायची तर तिचे पट्टे गंजून चिकटलेले, म्हणून शेजारच्या दोघांच्या मदतीने मागचा हौदाच बोल्ट काढून उचलला. बॅटरी आधी सोडली आणि पंप टाकीत धरून ठेवणारी रिंग पितळी पंचाने फिरवली, कारण पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि पोलादाची एक ठिणगी पुरते. आईला मात्र हा भाग वाचून दाखवू नये. कपलर कापून नवा लावला, अर्थसाठी जाड तार थेट बॅटरीपर्यंत ओढली, ओतायची नळी, जाळी आणि फिल्टर बदलले आणि टाकी धुऊन घेतली. आता पंपावर साडेतेरा व्होल्ट मिळतात. टाकी पाव भागाखाली उतरू द्यायची नाही, हा नियमही घरात केला आहे, कारण पेट्रोल कमी असेल तर पंप उघडा पडतो आणि वळणावर हवा ओढतो.

हे सगळे लिहिण्याचे आणखी एक कारण म्हणजे चि. मनोजची जुनी गाडी. तिचा पंप सहा महिन्यांत पुन्हा गेला आणि तो सगळा दोष वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला देतो, असे तुम्ही म्हणालात. त्यात काहीच तथ्य नाही असे नाही. ते पेट्रोल पाणी धरते, जुन्या टाकीतला मळ सोडवते आणि तो जाळीत येऊन बसतो. २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरही त्यासाठी बनवलेले नव्हते. परंतु आपल्याकडे मीठ नसले तरी पावसाळा आहे, आणि त्याची गाडी चार महिने उघड्यावर उभी असते. म्हणून नवा पंप विकत घेण्याआधी त्याने मागची सीट उचलून कपलर नीट पाहावा, पंप चालू असतानाच प्लस आणि अर्थ अशा दोन्ही बाजूंचे व्होल्टेज मोजून घ्यावे आणि आकडे मला कळवावेत. इलेक्ट्रिशियन कपलर काढून मोजू लागला तर त्याला तिथेच थांबवावे. तुम्ही स्वतः शेजारी उभे राहिलात तर फारच बरे.

आईस साष्टांग नमस्कार, मनोजला आशीर्वाद.

आपला,
सुहास