'काल' आणि 'हॅव' यांचं जमत नाही

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

निबंधावरचा लाल शेरा पाहिला, आणि त्याखाली तू चिडून लिहिलेलं "पण बाबा, मराठीत चालतं!" हेही वाचलं. चूक तुझीच, पण तक्रार खरी आहे. 'दादा काल आला आहे' यात मराठीला काहीच खटकत नाही. त्याचं तू 'ही हॅज कम यस्टर्डे' केलंस आणि फसलीस. इंग्रजीत क्रियापदाआधी हॅव-हॅज आलं, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट काळ आला, की बोलणारा आजमध्ये उभा असतो. यस्टर्डे, लास्ट वीक असला संपून गेलेला काळ त्याच वाक्यात आणायचा नाही. तिथे सरळ 'ही केम यस्टर्डे'. कधी आलास हे विचारतानाही 'व्हेन डिड यू कम?' असंच विचारायचं. गंमत म्हणजे 'आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग' हे सकाळी म्हटलं तर बरोबर, संध्याकाळी नाही. सकाळ संपलेली असते ना!

आम्हाला शाळेत या काळाची 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया' अशी व्याख्या पाठ करायला लावली होती. तिने माझी बरीच वर्षं दिशाभूल केली. 'आय हॅव रेड दॅट बुक' म्हणणाऱ्याने ते पुस्तक तीस वर्षांपूर्वी वाचलेलं असू शकतं. प्रश्न किती वेळ झाला हा नाही, आत्ता त्याचं काय हा आहे. मी 'आय हॅव ब्रोकन माय ग्लासेस' म्हटलं तर समज, मला आत्ता काही वाचायला देऊ नकोस. 'आय ब्रोक माय ग्लासेस' म्हटलं तर तो किस्सा असेल, नवा चष्मा नाकावर असूनही सांगण्यासारखा.

दुसरा खड्डा उलट्या बाजूला आहे. 'मी पाच वर्षांपासून शिकतेय' यात आपल्याला वर्तमानकाळ पुरतो, म्हणून तू 'आय ॲम लर्निंग सिन्स फाइव्ह इयर्स' लिहितेस. हवं 'आय हॅव बीन लर्निंग फॉर फाइव्ह इयर्स'. आपलं 'पासून' सोमवारलाही लागतं आणि पाच वर्षांनाही. इंग्रजीत सोमवारला सिन्स, पाच वर्षांना फॉर.

'हॅज गॉन' आणि 'हॅज बीन' मात्र घोकत बसू नकोस. 'गेली आहे' आणि 'जाऊन आली आहे', झालं.

आता जरा विषयांतर. हॅव म्हणजे मुळात जवळ असणं. 'पत्र लिहिलेल्या स्थितीत माझ्याजवळ आहे' अशा रचनेतून हा काळ घडला. आपलं 'लिहून ठेवलंय' ऐक, त्याच जातीचं वाटेल. येण्याजाण्याच्या क्रियापदांना तर इंग्रजीतही पूर्वी हॅवऐवजी 'इज' लागायचं. १६११ सालच्या बायबलमध्ये 'ही इज रिझन' आहे, अगदी आपल्या 'उठला आहे'सारखं. तेव्हा 'ही इज कम' लिहिलं असतंस तर कुणी लाल पेन उचललं नसतं!

अमेरिकन लोक 'डिड यू ईट येट?' असं सर्रास विचारतात, तेही चुकीचं नाही. पण परीक्षेत 'हॅव यू ईटन येट?' लिही, वाद नको.

निबंध पुन्हा लिहिलास की 'आय हॅव रिटन इट' एवढंच कळव. कधी लिहिलास तेही सांगायचं असेल, तर हॅव काढून टाक.

तुझा,
बाबा