टोंगातल्या बायकांची दौलत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पॅसिफिक बेटांवरच्या सालीच्या कापडाविषयी लेख आला. मराठीत या विषयावर क्वचितच काही छापून येते, म्हणून तो आवर्जून वाचला. पण ‘लोप पावलेली आदिम कला’ हे शीर्षक पाहून राहवले नाही. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘हवाईतील प्राचीन वस्त्र’ असे लिहिले आहे आणि त्याच छायाचित्रात कापडाच्या कडेने ओळीने आकडे घातलेले स्पष्ट दिसतात. कापडाचे भाग मोजता यावेत म्हणून असे आकडे टोंगा या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातल्या बायका घालतात. हे टोंगाचे ‘न्गातू’, म्हणजे तिथले सालीचे कापड आहे, आणि प्राचीन तर मुळीच नाही. एवढी दुरुस्ती कृपया छापावी.

पतीच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे नुकुआलोफाला, टोंगाच्या राजधानीत, राहत होतो. तिथे या कापडाची झाडे रताळी आणि अळूच्या शेजारीच लावलेली दिसत. झाड तुतीच्या कुळातले, पेपर मलबेरी. खोड सरळ वाढावे म्हणून बाजूचे कोंब वेळच्या वेळी खुडतात, कारण एक फांदी राहिली तरी सालीला तिथे भोक पडते. खोड पुरेसे वाढले की तोडायचे, साल ओढून काढायची, वरचा खरबरीत थर सोलून टाकायचा आणि आतली पांढरी साल तेवढी ठेवायची. ती भिजवून ओंडक्यावर ‘इके’ नावाच्या लाकडी मोगरीने ठोकतात, आधी खाचांच्या बाजूने, मग गुळगुळीत बाजूने. पापड लाटताना पसरतो तशी चार बोटांची पट्टी वीतभराहून रुंद होते, आणि फाटत नाही. ओंडक्याखाली पोकळी असते, त्यामुळे ठोका दूरवर घुमतो. रविवारी मात्र सगळे शांत, कारण टोंगाच्या राज्यघटनेतच रविवारचे पावित्र्य लिहून ठेवले आहे.

पुढचे काम एकटीचे नव्हेच. लांब, वरून गोलसर लाकडी बाकावर ‘कुपेसी’ बसवतात. कुपेसी म्हणजे पॅन्डनसच्या (केवड्याच्या जातीच्या झाडाच्या) पानांवर नारळाचे हीर शिवून उठवलेली नक्षी. तिच्यावर पट्ट्यांचा एक थर, त्यावर आडवा दुसरा, मध्ये कंदाची खळ. मग कोका नावाच्या झाडाच्या सालीतून काढलेला तांबूस रंग बोळ्याने घासत गेले की खालची नक्षी वर उमटते. बाकाच्या दोन्ही बाजूंना बायका ओळीने बसतात. मलाही घासायला बसवत. माझा बोळा जरा जास्त ओला झाला की शेजारची आजी एक शब्द न बोलता तो माझ्या हातून काढून घेई, पिळून परत देई. असा तुकड्याला तुकडा जोडत गेल्यावर 50 भागांचे जे कापड होते त्याला ‘लाउनिमा’ म्हणतात, आणि त्याची लांबी 20 मीटरच्या वर जाते.

रोज अंगावर घालायला आता हे कापड कुणी वापरत नाही, हे मान्य. पण लग्नात ते द्यावे लागते, मयताला न्यावे लागते. चटया आणि न्गातू मिळून ‘कोलोआ’, म्हणजे बायकांची दौलत. आणि ही कला ‘आदिम’ कशी? दुसऱ्या महायुद्धात टोंगाने वर्गणी काढून ब्रिटनला स्पिटफायर विमानांसाठी पैसे दिले, तेव्हा बायकांनी न्गातूवर स्पिटफायर उमटवले. राजवाड्याजवळची पाइनची झाडे, राजचिन्हातले सिंह, गरुड, जे समोर आले ते त्यांनी नक्षीत घेतले. ऑकलंडमधल्या टोंगन बायकांना साल मिळत नाही, म्हणून त्या बाजारातले न विणलेले कृत्रिम कापड वापरतात. काहींना ते पटत नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही. कुपेसी तीच, ओळीने बसणे तेच.

जिथे काम खरोखर बंद पडले, तिथली हकीगतही लेखात हवी होती. न्यूझीलंडची थंडी या झाडाला मानवत नाही. 1769 मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाला तिथे त्याची मोजकीच रोपे दाखवली गेली, आणि पुढे तीही संपली. आज तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे माओरी कलावंत निकाऊ हिंडिन तेच काम नव्याने करत आहेत. हवाईत मिशनरी आणि सुती कापड आले आणि एकोणिसाव्या शतकात ‘कापा’ (तिथले सालीचे कापड) मागे पडला. पुआनानी व्हॅन डॉर्प यांनी जुने तुकडे आणि अवजारे अभ्यासून तो पुन्हा घडवायला घेतला. माउई बेटावर होनोकाहुआला हॉटेलच्या बांधकामात पूर्वजांच्या अस्थी निघाल्या, तेव्हा त्या पुन्हा पुरण्यासाठी त्यांनी इतर बायकांसह कापा तयार केला. लोप पावलेल्या कलेला अशी कामे सांगितली जातात का?

झाडाचा प्रवासही केवढा! 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात पॅसिफिकमधल्या झाडांचे मूळ तैवानमध्ये सापडले. दूरच्या बेटांवरची झाडे बहुतेक मादी, म्हणजे बी धरतच नाही. कुणीतरी मुळाशी फुटलेले कोंब होडीतून जपून नेले, म्हणून ती तिथे आहेत.

याच्या उलट, 1787 साली लंडनमध्ये अलेक्झांडर शॉ याने कुकच्या सफरींतून आलेली कापडे कापून, तुकडे पुस्तकात बांधून विकले. करणारणीचे नाव कुठल्याच तुकड्याबरोबर नाही. नक्षी कुणाची, हा प्रश्न फिजीत 2013 मध्ये पुन्हा आला. फिजी एअरवेजचे बोधचिन्ह माकेरेता मातेमोसी या ‘मासी’, म्हणजे फिजीचे सालीचे कापड, करणाऱ्या बाईंनी केलेले आहे, आणि त्यांचे नाव सांगितले जाते, ही चांगली गोष्ट. पण त्याच कंपनीने मासीवरच्या 15 नक्ष्या ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला घेतल्या, तेव्हा लोक चिडले. त्यांचे म्हणणे मला सोळा आणे पटते. गावांनी आणि कुळांनी जपलेली नक्षी एका कंपनीची कशी होईल?

आपल्या पुरवणीत फिजी-टोंगाच्या सहलींविषयीही लिहिले जाते. तिथे जाणाऱ्या वाचकांना एवढे जरूर सांगा, की सालीच्या कापडाची नक्षी छापलेल्या ‘टापा’ शर्टावर पैसे घालवू नका. फिजीत वातुलेले किंवा मोथे बेटावरचे मासी मागा. नुकुआलोफात तालामाहू बाजारात जा, आणि तुकडा घेताना तो कुणी केला, कुठल्या गावचा, हे विकणाऱ्या बाईला विचारा.

आपली,
एक नियमित वाचक