आधारघराचे कर्ज भिंतींपुरतेच घ्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी लोकांकडून व्याजाने पैसा घेण्याची कर्जपत्रे, विक्रीला काढले. सर्वसामान्य गुंतवणूकदारांनाही ते खुले होते. तेव्हापासून शहरातल्या सेवाभावी संस्थांचे विश्वस्त विचारतात, की असाच पैसा उभारून आधारघरे घेता येतील का? आधारघर म्हणजे साध्या वस्तीतला फ्लॅट. त्यात तीन-चार जण राहतात: बाणगंगेच्या मनोरुग्णालयातून बरे होऊन निघालेले, आईवडिलांमागे एकटे पडलेले बौद्धिक अपंग प्रौढ, घर सुटलेले वृद्ध. औषधे, बँक, स्वयंपाक याला हाताशी मदतनीस असतो. जानेवारी २०२१ मध्ये बेघर वृद्धांना गाडीत घालून क्षिप्रा गावाजवळ सोडून दिल्याचे या शहराने पाहिले आहे, त्यामुळे गरज कोणाला पटवून द्यायला नको. केवळ कुटुंब नाही किंवा घर नाही म्हणून कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेऊ नये, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १९ सांगते. अडते ते पैशाच्या मांडणीपाशी.

एक हिशेब पाहा. तीन खोल्या-हॉलचा फ्लॅट मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि डागडुजी धरून ६० लाखांना पडला असे धरू. निम्मी रक्कम देणगीतून, निम्मी कर्जाने. ३० लाखांचे कर्ज १५ वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ३४,१०० रुपये. ८ टक्क्यांनी सुमारे २८,७००. वर्षाला ६५ हजारांचा फरक पडतो. आता मदतनिसाकडे वळू. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे ४८. रजा-सुट्ट्या धरल्या की चोवीस तास एक माणूस हजर ठेवायला चार जण नेमावे लागतात. प्रत्येकी १३ हजार धरले तरी महिना ५२ हजार! हप्त्यापेक्षा पगार जड, आणि तो कधीच फिटत नाही. संस्था फसतात त्या इथेच. कर्जाची रक्कम हाती आली की पहिली दोन वर्षे त्यातूनच पगार निघतात, तिसऱ्या वर्षी हप्ताही थकतो आणि माणसेही सोडून जातात. कर्ज फक्त भिंतींना. पगार देणगीतून किंवा सरकारी अनुदानातून, आणि दोन्हींची बँक खातीही वेगळी.

निवाशांनी हप्त्यासाठी द्यायचा वाटा ठरवताना हप्ता चौघांत वाटू नये, तिघांत वाटावा. एखादा निवासी रुग्णालयात जातो, एखादा भावाकडे परततो आणि ती जागा योग्य माणूस मिळेपर्यंत दोन-तीन महिने रिकामी राहते. घाईने भरली तर आधीच्या तिघांची घडी विस्कटते. सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय खरेदीखत करूच नये.

किमतीचा देणगीतून उभारायचा निम्मा भाग कंपन्यांच्या सीएसआर निधीतून, म्हणजे त्यांनी समाजकार्यासाठी काढलेल्या पैशातून, येऊ शकतो. त्यातून घेतलेली मालमत्ता नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीच्या नावे चालते, मात्र त्या संस्थेकडे सीएसआर नोंदणी क्रमांक हवा. कर्जासाठी विश्वस्तांनी ओळखीच्यांकडून ‘ठेवी’ गोळा करू नयेत, हे कळकळीने सांगतो. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा न्यासांनाही लागू आहे आणि शिक्षा तुरुंगवासापर्यंत जाते. हेतू चांगला होता म्हणून सुटका होत नाही. ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी आपल्याच नावाची मुदत ठेव संस्थेच्या बँक कर्जाला तारण ठेवावी. ठेवीचे व्याज त्यांचे त्यांना मिळते, बँकेचा धोका घटल्याने संस्थेला दर कमी करून मागता येतो. हप्ते थकले तर ठेव जाऊ शकते, हे मात्र त्यांना सहीआधी स्पष्ट सांगावे.

सेवाभावी संस्थांना पैसा उभारता यावा म्हणून शेअर बाजारात उघडलेल्या सोशल स्टॉक एक्स्चेंज या विभागातून कर्ज मिळते, असाही गैरसमज आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२ मध्ये त्याचे नियम केले, पण सेवाभावी संस्थांसाठीच्या झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल रोख्यांत व्याज नाही आणि मुद्दलही परत नाही. ती देणगीच, फक्त हिशेब आणि परिणाम जाहीर करण्याच्या बंधनासह. म्हणून घरापेक्षा मदतनिसांच्या तीन वर्षांच्या पगारासाठी हा मार्ग आम्हाला जास्त योग्य वाटतो. संस्था किमान तीन वर्षे जुनी आणि तिचा वार्षिक खर्च किमान ५० लाख हवा, त्यामुळे लहान संस्थांना तो बंदच आहे.

ब्रिटनमध्ये पैसा उभारून अशी घरे घेण्याचा प्रयोग बराच पुढे गेला. मेनकॅप या संस्थेशी संलग्न गोल्डन लेन हाउसिंगने २०१३ मध्ये ४ टक्के व्याजाचे एक कोटी पौंडांचे रोखे काढून बौद्धिक अपंगांसाठी घरे घेतली. ती संस्था तग धरून राहिली, कारण घर तिच्या मालकीचे होते. याउलट काही संस्थांनी गुंतवणूक कंपन्यांकडून वीस-पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घरे घेतली. भाडे दरवर्षी महागाईबरोबर वाढणारे, गंगाजळी नगण्य, रिकाम्या जागांचा तोटा संस्थेच्या माथी. २०१८ मध्ये फर्स्ट प्रायॉरिटी ही संस्था दिवाळखोरीच्या काठावर आली आणि पुढच्या वर्षी तिथल्या सामाजिक गृहनिर्माणाच्या नियामकाने अशा भाडेपट्ट्यांबाबत इशारा दिला. आपल्याकडे कोणी बिल्डर ‘फ्लॅट घेऊ नका, वीस वर्षांचा करार करा’ म्हणत आला, तर भाडेवाढीचे आणि मुदतीआधी बाहेर पडण्याचे कलम आधी वाचावे.

कागदांचा क्रम चुकला तरी सगळे अडते. मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ च्या कलम १४ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता गहाण ठेवायला सार्वजनिक न्यासांच्या निबंधकांची पूर्वपरवानगी लागते. बँकेची मंजुरी हाती आल्यावर अर्ज केला तर तिची मुदत संपते. म्हणून फ्लॅट पसंत पडताच अर्ज टाकावा. रहिवासी संघाशी बोलणेही बयाणा देण्याआधीच व्हावे.

फ्लॅट तळमजल्यावर किंवा लिफ्टचा, संडासाची कडी बाहेरूनही उघडणारी, दवाखाना आणि बस चालत जाण्याच्या अंतरावर. राहण्याचा करार आणि मदतीचा करार वेगवेगळे करावेत, म्हणजे मदत देणारी संस्था बदलली तरी छप्पर जात नाही. कर्जाच्या करारात आणखी एक कलम हवे: हप्ते थकले तर बँक फ्लॅट ताब्यात घेण्याआधी सहा महिन्यांची सूचना देईल आणि कर्जासह घर चालवायला दुसरी संस्था पुढे आली तर तिला पहिली संधी मिळेल. बँका हे सहजी मान्य करत नाहीत. ठेव तारण देणाऱ्यांनी हीच अट घालून सही करावी. त्यांचा शब्द बँकेत संस्थेपेक्षा वजनदार ठरतो.

आपले,
सेवाभावी संस्थांचे काही हिशेबनीस व सल्लागार,
सुदामानगर, इंदूर